तीनदगडीचा एकेचाळिसावा कायदा

तीनदगडी सरहद्द,
मु. पो. हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली
६ नोव्हेंबर २०२५

चि. आकांक्षास,
सप्रेम जयभीम.

तू वडोदऱ्याला जाताना बजावून गेलीस की देशाचा कारभार फोनवर चालवायचा नाही, पत्रानंच चालवायचा, कारण ही पत्रं तुला कॉलेजच्या प्रदर्शनात भिंतीवर लावायची आहेत. म्हणून अक्षर जपून काढतो आहे. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, धावत्या गाडीत तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरलं, त्यामुळे ओळ जरा हलते. भिंतीला चालत असेल तर बघ.

आधी मागची नोंद. रस्ता सरळ करताना आपल्या वावराचा तिकोनी तुकडा पलीकडं राहिला. तीन गुंठे. धड पेरता येईना, धड विकता येईना. त्यावर तू फेब्रुवारीत तीन पांढरे दगड रोवलेस आणि जाहीर केलंस की आजपासून हा स्वतंत्र देश, नाव तीनदगडी. आम्ही म्हटलं, पोरीचा अभ्यास आहे, करू दे. पत्र्याची खोली उभी केलीस, वहीच्या पुठ्ठ्याचे पासपोर्ट शिवलेस आणि जो येईल त्याला नागरिक करून टाकलंस. प्रत्येक नागरिकानं एक कायदा लिहायचा, दोन हात वर झाले की कायदा पक्का, आणि दगडांच्या आत असेपर्यंत तो सगळ्यांनी पाळायचा. मी लिहिलं होतं, 'कोणीही उभ्यानं प्रवास करायचा नाही.' तीन गुंठ्यांत प्रवास कुठला, पण तू टाळ्या वाजवल्यास.

तू गेल्यावर देश आपोआप बंद पडेल असं मला वाटलं होतं. पडला नाही. नामाजी दरसाल आपल्या वावरात मेंढरं बसवतो तो तुला माहीत आहे. त्याचा कायदा, 'इथं कोणाला तू कोण्या गावचा असं इचारायचं न्हाई.' तो म्हणतो, "सारा मुलूख पायी हिंडलो, पर असा देश कुठं पाह्यला न्हाई." आज नागरिक एकेचाळीस आहेत. मी टपालमंत्री, शिवाय सरहद्दीवरचा अधिकारीही मीच. आत जाताना पासपोर्टाला एक भोक, बाहेर येताना एक, माझ्या जुन्या तिकिटाच्या चिमट्यानं.

आता मुद्दा. तुझी मोठी आई, म्हणजे आमच्या पद्माबाई, एक तारखेपासून तीनदगडीत राहायला गेल्या आहेत. घरी येत नाहीत. सतरंजी, गोधडी, कळशी आणि रेडिओ घेऊन गेल्या. आज सहावा दिवस.

मला काही कळेनासं झालं आहे. ती परदेशात गेली असं धरायचं का? रेशनच्या दुकानात अंगठा द्यायला तिला बोलवावं तर कोणत्या नात्यानं? गावातले विचारतात, "काकू कुठं गेल्या?" मी काय सांगू, रस्त्यापलीकडं?

तर सरकारदरबारी विनंती अशी की देश तू स्थापन केलास, तूच तो विसर्जित कर. सही-शिक्क्याचं दोन ओळींचं पत्र पाठव. दगड मी उपटतो. देशच नसला तर ती राहील कशात? घरी येईल.

तुझा,
मोठे बाबा (शेषराव)


वडोदरा
१४ नोव्हेंबर २०२५

ती. मोठे बाबांना,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं, मग आमच्या सरांना वाचून दाखवलं. मराठी त्यांना येत नाही, मी हिंदी करून सांगत होते, आणि रेशनच्या अंगठ्यापाशी आल्यावर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, हे पत्र दारातच लावायचं.

मोठी आई देशात राहायला गेली ही कल्पना कोणाची, तुमची की तिची? खरं सांगू, मला अजून नीट कळलेलं नाही की ती खरंच गेली आहे, की प्रदर्शनासाठी तुम्ही दोघांनी मिळून रचलंय. तुम्ही विनोद करताना चेहरा गंभीर ठेवता, आता अक्षरही तसंच ठेवायला लागलात. काही असो, थांबवू नका. इथं सगळे एकच विचारतात, तुझ्या देशात खरंच कोणी राहतं का? आजवर मी विषय बदलायचे. आता मान वर करून सांगते, हो, माझी मोठी आई राहते.

म्हणून विसर्जनाचं नाव काढू नका. प्रदर्शन बारा जानेवारीला आहे. तोपर्यंत मोठ्या आईनं तिथंच राहावं असं बघा. ती काय खाते, दिवसभर काय करते, रेडिओवर काय ऐकते, सगळं लिहून पाठवा. तिच्या पासपोर्टाचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं.

थंडी पडली असेल, तिला घरातली चादर नेऊन द्या. फोटोतही ती छान दिसेल.

तुमची,
आकांक्षा


हट्टा
२० नोव्हेंबर २०२५

चि. आकांक्षास,
जयभीम.

तुझ्या सरांना माझा जयभीम सांग, आणि हेही सांग की ही कला नाही, माझी बायको आहे.

घडलं ते सरळ सांगतो. तू नेमून दिल्याप्रमाणे दर एक तारखेला नागरिक जमतात आणि बाभळीला टांगलेल्या वहीतून कायदे वाचले जातात. चाळीस जणांचे कायदे झाले होते. पद्माबाईचं पान नऊ महिने कोरं. विचारलं की म्हणायची, "घाई काहून करता? इचार करून राहिले." मी चेष्टा करायचो, की बाईची पंचवार्षिक योजना चालू आहे. या महिन्याच्या एक तारखेला तिनं वही खाली काढली, पदरानं पुसली आणि लिहिलं, 'या देशात ज्याला जे विचारलं जाईल त्यानं त्याचं खरं उत्तर दिलंच पाहिजे.' नामाजीचा हात वर झाला. त्याच्या बायकोचा, यशोदाबाईचा, त्याच्याही आधी वर झाला. एकेचाळिसावा कायदा पक्का. शिक्का मीच मारला, तोही हसत.

शाई वाळली नसेल. ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "आता मला तुमाला एक गोष्ट इचारायची हाय."

मी उठलो आणि बाहेर पडलो. चपलाही आतच राहिल्या. सगळी माणसं बघत होती आणि मी दगड ओलांडून डांबरावर उभा, अनवाणी. मागून तिचा आवाज आला, "जावा. तुमी आत येऊन ऐकस्तोवर म्या बी घरी येत न्हाई."

ती काय विचारणार होती हे तिनं कोणाला सांगितलेलं नाही. मला ते ठाऊक आहे. तुला सांगणार नाही.

रोज सकाळी मी दगडाबाहेर जाऊन उभा राहतो. ती बाकी सगळं बोलते. म्हशीनं दूध किती दिलं, कापूस वेचायला बायका मिळाल्या का, पोराचा, रत्नपालचा पुण्याहून फोन आला का. मी म्हणतो, "काय इचारायचं ते इथूनच इचार ना." तर म्हणते, "तिथं तुमी नुस्तं हूं करता. चाळीस वर्सं हूं ऐकलं." भाकरी तिला यशोदाबाई देते. मी डबा नेला तर दगडावर ठेवायला सांगते आणि रिकामा परत देते, घासूनपुसून.

आणखी एक घोळ झाला आहे. त्या दिवशी मी घाईत बाहेर पडलो तेव्हा माझ्या पासपोर्टाला बाहेर आल्याचं भोक पाडलंच नाही. म्हणजे कागदोपत्री मी अजून आत आहे. नामाजी म्हणतो, "मंग शेषरावभाऊ, कायदा तुमाला लागू हाय. घरी जेवता ते बी आतच जेवता." रात्री ताटावर बसलो की तेच डोक्यात येतं. मी कुठं बसलो आहे?

चादर नेऊन दिली. फोटो काढणार नाही. तुला प्रदर्शन पाहिजे की मोठी आई, ते एकदा ठरव. मला तुझा राग आलाय की माझाच, हे मात्र मलाच नीट ठरवता येत नाही.

मोठे बाबा


वडोदरा
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय मोठ्या आईस,
सविनय जयभीम.

हे पत्र तुझ्या नावानं तीनदगडीच्या पत्त्यावर पाठवते आहे. मोठ्या बाबांना चार वेळा फोन केला, उचलत नाहीत. तू तर 'आत फोन आणायचा नाही' या पहिल्या कायद्यामुळे फोनच घरी ठेवून गेलीस, आणि तो कायदा माझाच.

मला लाज वाटते आहे. मी हसले, वर्गात वाचून दाखवलं, तुला थंडीत तिथंच ठेवा म्हणाले. मला वाटलं तुम्ही माझा खेळ खेळताय. आता वाटतंय की खेळ मीच खेळत होते, तुम्ही सगळे केव्हाच खरे झाला होतात. कधी झालात ते मला कळलंच नाही.

तुला त्यांना काय विचारायचं आहे? मला सांगितलंस तर मी त्यांच्याकडून उत्तर काढून घेईन. आणि तू म्हणशील तर देश आत्ता विसर्जित करते. प्रदर्शन गेलं खड्ड्यात. फक्त घरी जा.

तुझी,
आकू


तीनदगडी
७ डिसेंबर २०२५

प्रिय आकूस,
तुझ्या मोठ्या आईचा जयभीम.

पत्र पोचलं. तुझे मोठे बाबाच घेऊन आले. दगडाच्या बाहेरून हात लांब करून दिलं. पाकीट फोडलेलं नव्हतं, पण कोपरे मऊ पडले होते, खिशात दोन-तीन दिवस वागवल्यासारखे. देताना पाकीट पटकन सोडलं नाही. म्हटलं, आणखी काही आहे का? नाही म्हणाले. मग तिथंच उभे राहिले, मी वाचून होईपर्यंत. माणूस पत्र देतो आणि जातो. हे काय उभं राहणं?

देश मोडायचा नाही. तू केलास हे खरं, पण आता तो तुझा एकटीचा राहिलेला नाही. यशोदाबाई म्हणते, आमी जाऊ तिथं लोक काठी घेऊन येतात, इथं आमाला वहीत नाव हाय. तिचं नाव तू तिच्याच हातानं लिहून घेतलं होतंस, आठवतं? एकेक अक्षर तिला मी शिकवलं. ते पान ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. त्यावर तू विसर्जनाचा शिक्का मारशील का?

माझा प्रश्न तुला सांगणार नाही. तो मोठा नाही. ऐकलास तर म्हणशील, एवढ्यासाठी बाई घर सोडून बसली? पण घरात मी तो किती वेळा विचारायला गेले. ते पेपर वर धरायचे. नाहीतर 'हूं' करायचे, नाहीतर म्हशीला पाणी दाखवायला उठायचे. तसे ते वाईट नाहीत. कधी हात उगारला नाही, दारू नाही, पगार आणून हातात द्यायचे. त्यामुळे कोणाला सांगावं तर लोक म्हणतात, पद्माबाई, तुला सुख बोचतं. बोचत असेलही.

काल सहा डिसेंबर. विहारात वंदनेला जायचं होतं आणि पांढरं लुगडं घरी. मी काही बोलले नव्हते. सकाळी पाहिलं तर दगडावर लुगडं ठेवलेलं, घडी करून, वर माझ्या पासपोर्टासाठी चिमटा. मी माझ्या हातानं भोक पाडलं, विहारात गेले, परत येऊन दुसरं पाडलं. विहारात ते पुरुषांच्या रांगेत होते. एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. मी पाहिलं. वाळलेत गं. चूल पेटवत नसतील, नुसते चहा-बिस्किटावर असतील.

मला घरी जायचं नाही असं नाही. माझी तुळस, माझी भांडी, माझं जात्यामागचं कुलूप लावलेलं फडताळ, सगळं डोळ्यापुढं येतं. पण आत्ता गेले तर पुन्हा विचारायचं बळ येणार नाही. म्हणून बसले आहे. त्यांनी एकदा आत यावं. एवढंच.

तुझी,
मोठी आई


हट्टा
१२ डिसेंबर २०२५

चि. आकांक्षास,
जयभीम.

हे पत्र भिंतीवर लावायचं नाही. कोणाला वाचून दाखवायचं नाही, हिंदी करूनही नाही.

तू पद्माबाईला लिहिलेलं पत्र दोन दिवस माझ्या खिशात होतं. न देण्याचं कारण काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी नेऊन दिलं आणि ती वाचेपर्यंत उभा राहिलो, कारण मला बघायचं होतं, की तिला दिलेलं पत्र ती वाचते तेव्हा कशी दिसते. ते मी सदतीस वर्षांपूर्वी बघायला पाहिजे होतं.

अठ्ठ्याऐंशी साल. आपला जिल्हा तेव्हा परभणी. पद्माबाई दहावीला पहिल्या वर्गात पास, मी काठावर. तिनं नर्सबाईच्या ट्रेनिंगचा अर्ज भरला होता. मीच नेऊन दिला होता, हौसेनं. रत्नपाल आठ महिन्यांचा. टपालाची थैली तेव्हा आमच्याच गाडीतून यायची. एक दिवस पोस्टमन स्टँडवर भेटला, म्हणाला, "घरचंच हाय, घेऊन जा," आणि लांब पाकीट माझ्या हातात दिलं. तिचं बोलावणं होतं. परभणीला दीड वर्ष राहायचं, हजर होण्याची तारीख बारा दिवसांवर.

मी ते तिकिटांच्या पेटीत ठेवलं, अर्ध्या तिकिटांच्या गठ्ठ्याखाली. संध्याकाळी देऊ म्हटलं. संध्याकाळी पोराला ताप होता. उद्या देऊ. उद्या डबल ड्यूटी. असे अकरा दिवस ते पाकीट माझ्यासोबत हिंगोली-परभणी फिरलं. बाराव्या दिवशी तारीख गेली. तेराव्या दिवशी झिरो फाट्यावर चहावाल्याच्या भट्टीत टाकलं.

लोकांना सांगायला पोराचं कारण चांगलं आहे. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण खरं तसं नाही. आई होती माझी, पोर सांभाळलं असतं. मला भीती वाटली, आकांक्षा. ती पांढऱ्या कपड्यात नोकरीला जाईल, लोक तिला बाई म्हणतील, आणि मी गाडीत घंटी मारत राहीन, याची भीती. ती वर्षभर टपालाची वाट बघत होती. मग एक दिवस म्हणाली, "आपला नंबर न्हाई लागला वाटतं." मी 'हूं' म्हणालो.

तेव्हापासून मला दुसरं काही म्हणताच आलं नाही.

ती हेच विचारणार आहे. कोणीतरी सांगितलं असेल, तो पोस्टमन तर वारला, पण कोणीतरी सांगितलंच असेल. तू देशाची संस्थापक आहेस म्हणून विचारतो. एखाद्या नागरिकाला एखाद्या कायद्यातून सूट देता येते का? आणि उत्तर दिल्यावर पुढं काय, हे तुमच्या वहीत कुठंच लिहिलेलं नाही. ती घरी येणार की कायमची जाणार?

मोठे बाबा


वडोदरा
१९ डिसेंबर २०२५

ती. मोठे बाबांना,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र या पाकिटात परत पाठवते आहे. ते मी भिंतीवर लावणार नाही, पण माझ्याजवळही ठेवणार नाही. ते माझं नाही. चुकून माझ्या पत्त्यावर आलं.

सूट देता येत नाही. मी वही आठवून आठवून पाहिली, तशी सोय मी कुठं ठेवली नव्हती. आणि ठेवली असती तरी दिली नसती. हे लिहिताना मला रडू येतंय, कारण मी लहान असताना तुमच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून जवळा बाजारला जायचे आणि तुम्ही मला चिमटा वाजवायला द्यायचात. मला तुमचा राग येतोय आणि तुमची मायाही येतेय. दोन्ही एकत्र कसं करायचं ते मला येत नाही.

ती घरी येईल का, मला माहीत नाही. तुम्ही आत जा.

आकांक्षा


परभणी
२९ डिसेंबर २०२५

प्रिय आकूस,
जयभीम.

हे पत्र परभणीहून लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस. दवाखान्याच्या थांब्यासमोर लिंबाखाली पार आहे, तिथं बसले आहे. कागद शेजारच्या पानटपरीवाल्यानं दिला.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास तुझे मोठे बाबा आत आले. इस्त्रीचा शर्ट, पायात नवी चप्पल, कारण जुनी माझ्याकडंच होती. यशोदाबाई मेंढीचं दूध काढत होती, ती उठून जायला लागली. मी म्हटलं, "बस बाई, हात वर केलाता न तू." मी त्यांना पाणी दिलं. तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच सुरुवात केली. खाली बघून. अठ्ठ्याऐंशी साल, पोस्टमन, लांब पाकीट, अर्धी तिकिटं, झिरो फाटा. एका दमात सगळं.

आकू, मला हे माहीत नव्हतं. मी हे विचारणारच नव्हते.

मला तर वाटत होतं मी नापास झाले. सदतीस वर्षं तेच धरून चालले. रत्नपालला गणित शिकवताना चूक झाली की म्हणायचे, तुझी आई ढच आहे, म्हणून तर नंबर लागला नाही. गावात नर्सबाई आली की मी मागच्या दारानं जायचे. आणि हा माणूस ते सगळं बघत होता.

मेंढीचं दूध सांडलं. यशोदाबाई म्हणाली, "शेषरावभाऊ, आवो काय केलं हे?" ते म्हणाले, "मला वाटलं तुला कळलं म्हणून तू बसलीस. तुला दुसरंच इचारायचं होतं?"

व्हय, म्हटलं. दुसरंच.

मग मी माझा प्रश्न विचारला. म्हटलं आता सोडून कशाला देऊ? मला विचारायचं होतं की चौतीस वर्षं तुम्ही गाडीवर होतात. आकूला बसवलं, रत्नपालला बसवलं, गावातल्या झाडून सगळ्या बायकांना हात धरून चढवलं. मला कधी तुमच्या गाडीत का बसवलं नाही? मी थांब्यावर आले की ते म्हणायचे, मागच्या गाडीनं ये. माहेरी गेले मागच्या गाडीनं, दवाखान्यात गेले मागच्या गाडीनं. मला वाटायचं, माझी लाज वाटते यांना. काळी आहे, दात पुढं आहेत, दहा माणसांत ही आपली बायको म्हणून दाखवायला नको वाटत असेल. एवढंच विचारायचं होतं, की माझी लाज वाटत होती का? आता साठीला आले, खरं काय ते कळलं तर बरं, म्हणून नऊ महिने विचार करून कायदा लिहिला.

ते ओक्साबोक्शी रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "परभणीच्या अलीकडं दवाखान्याचा थांबा हाय. ट्रेनिंगच्या पोरी तिथंच उतरायच्या. तू गाडीत असतीस, तर तिथून मला डबल बेल मारून गाडी पुढं काढता आली नसती."

म्हणजे दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच निघालं. त्यांना लाज वाटत होती ती माझी नव्हती. बरं वाटावं की वाईट, हे मला अजून समजलेलं नाही. दोन दिवस मी तशीच बसून होते. तेही बाहेर गेले नाहीत, बाभळीखाली बसून राहिले. नामाजीनं त्यांना घोंगडं दिलं.

आज सकाळी मी म्हटलं, "चला, मला गाडीत बसवा." म्हणाले, "आता माझी गाडी कुठं हाय?" म्हटलं, असेल ती चालंल.

हट्ट्याहून दोघं चढलो. मी कंडक्टरच्या शेजारची सीट धरली. माझं अर्धं तिकीट निघालं, बायांना आता अर्धंच लागतं. ते बसले नाहीत. गाडी निम्मी रिकामी, तरी दांड्याला धरून परभणीपर्यंत उभे. मी म्हटलं, तुमचाच कायदा हाय न? तर म्हणाले, तो दगडाच्या आतला. दवाखान्याचा थांबा आला. मी उठले. तेही माझ्यामागं निघाले, तर म्हटलं, तुमी न्हाई, तुमी पुढं जावा. मी उतरले, पोरगेल्याशा कंडक्टरनं डबल बेल मारली आणि गाडी त्यांना घेऊन गेली. मागच्या काचेतून बघत होते. घड्याळात पाहिलं, हट्ट्याहून सगळा मिळून एक तासही लागला नाही. एवढंच लांब होतं ते.

समोर फाटक आहे. तासाभरापासून बघते आहे. पोरी येतात, जातात, गळ्यात ओळखपत्रं. एकीनं विचारलं, "मावशी, कोणाला भेटायचं आहे?" म्हटलं, कोणाला नाही गं, उशीर झाला. ती म्हणाली, भेटायची वेळ पाचपर्यंत आहे.

ते मोठ्या स्टँडवर बसले असतील. बसू देत, तासभर थांबल्यानं काही होत नाही. आज गाडीत एकदाही 'हूं' म्हणाले नाहीत. चारच्या गाडीनं आम्ही परत निघू आणि मी घरी जाईन. घरीच. त्यांना माफ केलं का ते विचारू नकोस, ते मला ठाऊक नाही. त्यांची चूल मात्र पेटली पाहिजे.

प्रदर्शन भरव. माझी पत्रं लाव, हेही लाव, मला आता कोणाचं भ्याव नाही. त्यांचं पत्र तू परत केलंस म्हणाले, ते बरं केलंस, ते लावायचं नाही. आणि देश मोडू नकोस, आकू. मला त्यांना अजून बरंच विचारायचं आहे, आणि ते घरात विचारता येत नाही.

तुझी,
मोठी आई
(पद्माबाई, नागरिक क्रमांक दोन)